सलामाएवढी साथ

रोज सकाळी अंगण झाडताना आमच्या शेजारच्या रोबिया ओपा, म्हणजे रोबियाताई, खिशातल्या फोनवर आपलंच एखादं मिनूस लावायच्या. मिनूस म्हणजे गाणाऱ्याचा आवाज वजा करून उरलेली साथ. झाडूचा हात जिथे अडेल तिथे साथ चुकली, असा त्यांचा हिशेब. न्याहारीआधी तेवढं दुरुस्त व्हायचं.

आमच्या कोकंद शहरात लग्नाच्या दुसऱ्या सकाळी सुनेचा सलाम असतो. गाणारी एकेका नातलगाचं नाव घेऊन कडवं म्हणते आणि तोंडावर ओढणी घेतलेली सून तीनदा वाकते. तेवीस वर्षं ओपा गायच्या आणि त्यांची नणंद हनीफा शेजारी बसून दोइरा, म्हणजे मोठी डफली, वाजवायची. मग हनीफा मुलाकडे रशियात निघाली. जाण्याआधी ओपांनी तिच्या दोइऱ्याचा ठेका लॅपटॉपवर उतरवून घेतला आणि त्यावर सुरांची साथ बसवली. पण एकटीनं केलेल्या पहिल्याच सलामात साथ मध्येच संपली. सात बायका उरल्या होत्या, त्यांत नवऱ्या मुलाची आजी. तिच्या वाट्याला कोरडा सलाम आला. त्यानंतर दोन महिने ओपांना कुणी बोलावलं नाही.

शेवटी गल्लीतली गुलसुम आली. तिच्या मुलाचं लग्न होतं.

"माझ्या सलामाला तुम्हीच गायला होतात, म्हणून आलेय, ओपा. पण पुन्हा तसं झालं तर सासरची माणसं मला जन्मभर ऐकवतील. आणि तुम्हाला तर कुणी दारातही उभं करणार नाही."

"ठाऊक आहे. बायका किती?"

"बेचाळीस."

"नक्की?"

"अंदिजानच्या मावश्या कधी मोजून आल्यात का?"

मी तिथेच बसले होते. साथ लांबवून ठेवा, असं मी सुचवलं.

"आणि मावश्या आल्याच नाहीत तर? रिकाम्या गाद्यांना सलाम घालू?"

ओपांनी उलटंच केलं. साथ तोडली. एका सलामापुरता एक तुकडा. लॅपटॉपला जोडलेली पायाखालची कळ दाबली की तो सुरू होणार. तो संपला की पुन्हा कळ दाबेपर्यंत नुसता दोइरा वाजत राहणार. पण एक सलाम केवढा? ते मोजायला त्यांनी मला उभं केलं.

"वाक."

मी वाकले.

"हा सलाम आहे की चप्पल शोधतेयस? डोक्यावर वजन नाही, म्हणून पळतेस." त्यांनी माझ्या डोक्यावर घडी घातलेली गोधडी ठेवली. "आता वाक. सासू बघतेय असं समज."

चार दिवस मी वाकत होते. जोडावर दोइरा लंगडायचा. ओपा तुकडा पुसायच्या, पुन्हा कापायच्या, डोळे मिटून ऐकायच्या.

"ओपा, आता चाललंय की. कुणाला कळणार आहे?"

"हनीफाच्या हाताला कळेल. वाक."

रविवारी सकाळी गुलसुमचं अंगण भरलं. बेचाळिसावा सलाम झाला, पन्नासावाही झाला. एक जाडजूड आत्या सुनेला द्यायची शाल सापडेना म्हणून पिशव्या उपसत बसली. दोइरा तिच्यासाठी थांबला, म्हणजे वाजत राहिला. सून सरळ उभी राहिली. ओपांनी कपाळावरचा घाम पुसला, आत्याच्या हाती शाल आलेली पाहिली आणि कळ दाबली.

त्रेपन्नाव्या सलामानंतर गुलसुम जवळ येऊन कुजबुजली, "संपवायचं ना, ओपा?" तेवढ्यात फाटकाशी अंदिजानची गाडी थांबली. पाच मावश्या भांडत भांडत बूट काढू लागल्या. गुलसुमचा चेहरा उतरला.

दोइरा वाजतच होता. ओपांनी मावश्यांकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

"सावकाश येऊ दे त्यांना. तोवर मला घोटभर चहा दे."