गुरुवारची लाइट आणि आप्पांचं अपील

आमच्या शिक्रापूरच्या वर्कशॉपात मोटारी कमी तयार होतात, किस्से जास्त! रोज चार ओळी लिहिता लिहिता माझी बारावी वही भरत आलीय.

मालक आप्पा मूळचे खुटबावचे. जन्मभर विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरली. मग सहा वर्षं खपून कॅमेऱ्याच्या शटरसाठी हरभऱ्याएवढी चुंबकाची मोटर केली. पेटंटचा अर्ज मात्र फेटाळला गेला: जुन्या डिझाइनपेक्षा यात वेगळं काय? आप्पांनी अपील केलं. हरले, तर कुणीही नक्कल मारायला मोकळा.

*

भांडगावचे मेहुणे मोटर बघायला आले.

"किती एचपीची?"

"दाजी, मुंगी बसली तरी थांबंल!"

"मग पाणी काय मुंग्यास्नी पाजायचंय व्हय?"

*

खंडेनवमीला आप्पांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, सगळ्या मशिनींना हळदकुंकू लावलं. कोर्टासाठी ठेवलेल्या मोटरलाही! कुंकू आत गेलं, शटर अडकलं. आप्पा दोन दिवस ब्रशनं साफ करत बसले.

वहिनी म्हणाल्या, "देवाला दाखवल्याबिगर कोर्टाला दाखवत्यात व्हय?"

*

वकीलबाईंनी विचारलं, "आप्पा, फरक एका वाक्यात सांगा."

"जुन्यात करंट गेला की स्प्रिंगनं पडदा मिटतो. आपल्यात चुंबक धरून ठिवतो, उघडा तर उघडाच."

"अहो, मग हे अर्जात शेवटच्या पानावर एका ओळीत का?"

"बाई, लाइट जाणार हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागतं का?"

*

सुनावणी व्हिडिओवर होती, आणि नेमकी गुरुवारी. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जातेच. वहिनींनी वायरमन बाळूला सकाळीच शपथ घातली, "आज लाइटीला हात लावशील तर माझी शपथ हाय!"

लॅपटॉपवर न्यायमूर्ती. टेबलावर शटर उघडं.

"करंट गेल्यावर हे उघडंच राहतं, हे दाखवा."

आप्पांनी बल्बकडे बघितलं. आम्हीही बघितलं. बल्ब लख्ख! पाच मिनिटं झाली. आप्पांनी हळूच बाळूला फोन लावला, "आरं, घालव की लाइट!"

"न्हाई आप्पा, वहिनींची शपथ हाय!"

माइक चालूच होता. न्यायमूर्ती इतका वेळ इंग्रजीत बोलत होते, ते मराठीत म्हणाले, "अहो, प्लग काढा की!"

आप्पांनी प्लग काढला. शटर जागचं हललं नाही. वकीलबाईंनी शेवटच्या पानावरची ती ओळ वाचून दाखवली. थोड्या वेळानं न्यायमूर्ती म्हणाले, "अपील मंजूर."

कुणी टाळी वाजवणार, तोच आप्पांचा फोन वाजला.

"आप्पा, वहिनींनी शपथ सोडली. घालवू का आता?"