होर्डिंगवरची आत्या

माझी आत्या फुटबॉलची इतकी वेडी, की रविवारच्या सामन्याला ती कडेला उभी राहून ओरडायला लागली की पंचाची शिट्टी कुणाला ऐकू जात नसे. मैदान म्हणजे गावाचं कुरण. आठवडाभर तिथं गायी चरायच्या. रविवारी सकाळी त्यांना ओढ्यापलीकडे हाकायचं, शेण उचलायचं, दोन्हीकडे बांबू रोवायचे आणि खेळायला लागायचं. अशा बाईनं फुटबॉलच्या स्टेडियमला विरोध केला, म्हणून शहरातल्या लोकांना हसू यायचं. मला त्यांच्या त्या हसण्याचा अजून राग येतो. एखाद्याला खायची आवड आहे म्हणून तुम्ही त्याच्या स्वयंपाकघरात हॉटेल बांधायला निघालात, तर तो काय तुमच्या पाया पडेल?

स्टेडियम येणार होतं ते नेमकं कुरणावर. कुरण गेलं की गायी विकायच्या, दुसरा इलाज नव्हता. आत्याचे यजमान लवकर गेले. तिनं गायींच्या दुधावर दोन मुली वाढवल्या, त्यांची लग्नं केली, जुना ट्रॅक्टर घेतला आणि तो स्वतः चालवायला शिकली. गायी गेल्या असत्या तर तिला मुलींच्या दारात जाऊन राहावं लागलं असतं. असल्या राहण्यापेक्षा ती गोठ्यात झोपली असती.

आता आमच्या गावाची एक खोड सांगते. कुणाची गाडी चिखलात रुतली की सगळे हातातली कामं टाकून धावतात. गाडी कुणाची, आला कशाला, हे गाडी बाहेर निघाल्यावर, चहा पिताना विचारायचं. स्टेडियम बांधणाऱ्या कंपनीचे मोजणीवाले आले तेव्हा हेच झालं. मोजणी उरकून निघताना त्यांची जीप कुरणाच्या तोंडाशी रुतली. आत्यानं साखळी लावून ती ट्रॅक्टरनं ओढली, त्यांना घरी नेऊन चहा पाजला. मोजणी कशाची, हे तिला दुसरा कप ओतताना कळलं. मी तेव्हा कॉलेजला शहरात होते, त्यामुळे हे सगळं मला नंतर समजलं.

त्यातल्या एकानं फोटो काढला होता. महिन्याभरात फाट्यावर, बसथांब्याच्या डोक्यावर, भलंमोठं होर्डिंग लागलं. ट्रॅक्टरवर बसून खळखळून हसणारी आत्या, आणि खाली अक्षरं: ‘गावाचा आनंद, आपलं स्टेडियम!’

गावात आगीसारखी बातमी पसरली. आत्या फितूर झाली. आत्यानं स्टेडियममध्ये चहाचा गाळा मागून घेतला. कालपर्यंत विरोधाच्या बैठकीत तिच्या शेजारी बसणारे आता लांब बसू लागले. त्याहून वाईट म्हणजे माझ्या बाबांनी, तिच्या पाठच्या भावानं, तिच्याशी बोलणं टाकलं. आमच्या गायीसुद्धा ते कुरणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊ लागले. आई चिडायची, “सख्ख्या बहिणीवर विश्वास नाही, आणि गावगप्पांवर आहे!” बाबा ताटातून मान वर काढत नसत.

पोरं म्हणाली, होर्डिंग फाडून टाकतो. आत्या म्हणाली, “खबरदार! माझ्याच तोंडावर कोयता चालवताय होय रे?”

दुसऱ्या दिवशी पहाटे दूध काढून झाल्यावर ती गायी घेऊन फाट्यावर गेली आणि आपल्याच फोटोखाली स्टूल टाकून बसली. गायी कडेचं गवत खात होत्या. बस थांबली की लोक वर बघायचे, मग खाली बघायचे.

“काकू, फोटोतल्या तुम्हीच ना?”

“मीच. हसतेय ती जीपचा ड्रायव्हर चिखलात आपटला होता म्हणून. स्टेडियम मला नको. कुरण गेलं तर गायी कुठं नेऊ, तुमच्या गच्चीवर?”

रोज हेच. बसच्या ड्रायव्हरला ती घाई करू द्यायची नाही; सगळं सांगून झाल्याशिवाय गायी रस्त्यातून हलायच्या नाहीत. एका वार्ताहरानं वरची आत्या आणि खालची आत्या एकाच फोटोत घेतल्या, आणि तो फोटो छापून आला. मग मात्र कंपनीनं आपलं होर्डिंग गुपचूप उतरवलं. आत्याला जरा वाईटच वाटलं. “एवढी मोठी मी परत कधी दिसणार?” म्हणाली.

शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी झाली, मीही त्यासाठी शहरातून आले होते. कंपनीच्या साहेबांनी पडद्यावर तोच फोटो लावला आणि गोड आवाजात म्हणाले, “बाई, तुम्ही स्वतः आमच्या माणसांना मदत केलीत. मग आता विरोध का?”

“केली की,” आत्या उभी राहिली. “पण गाडी ओढली कुठल्या बाजूला? नीट बघा. आत नाही ओढली साहेब, बाहेर ओढली. पुन्हा आलात तर पुन्हा ओढीन.”

हॉल हसला. पण पुढच्या रांगेतले काही चेहरे अजून घट्टच होते. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा उभे होते. त्यांना चार माणसांत बोलायची सवय नाही. कान लाल झाले होते.

“मोजणीची काठी मी धरली होती,” ते म्हणाले. “कुरणाच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मोजणारा एकटाच होता, त्याची धावपळ बघवेना, म्हणून धरली. ताईनं नुसती गाडी काढली. जमीन मोजून द्यायला मी मदत केली. फोटोत ती आली, मी आलो नाही, एवढंच.”

मग साहेबांनी विरोधात कोण आहे ते विचारलं, तेव्हा सगळ्या हॉलचे हात वर गेले.

पुढे ते स्टेडियम शहरातच, बंद पडलेल्या गिरणीच्या जागेवर झालं. आत्या बसनं जाऊन तिथले सामने बघते आणि तिथल्या पंचालाही सोडत नाही.

सुनावणीच्या संध्याकाळी मी आणि आत्या घरी येताना बाबा पुढे चालले होते, मान खाली घालून. त्यांचा मला भयंकर राग आला होता. इतके दिवस गावाची बोलणी हिनं एकटीनं खाल्ली, आणि हे गप्प! मी आत्याला विचारलं, “काठी बाबांनी धरली हे तुला माहीत होतं?”

“माझ्या डोळ्यांदेखत तर धरली.”

“मग सांगितलं का नाहीस कुणाला? ते तुझ्याशी बोलतसुद्धा नव्हते!”

आत्यानं पुढे चाललेल्या भावाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता.

“एका घरातलं एक माणूस बदनाम झालं की पुरे,” ती म्हणाली. “दोघं कशाला?”