चाळीसपैकी अडतीस

इंग्रजीच्या क्लासच्या सरांनी माझ्या मुलीला फसवलं. तीन महिने तेच तीन पेपर तिच्यापुढे फिरवत ठेवले आणि मला सांगितलं, तयारी झाली. हे मी रागात लिहीत नाही. राग मला लवकर येतो, बंदरावर कुणालाही विचारा. म्हणून निकाल लागल्यावर दोन आठवडे थांबले आणि मग लिहायला बसले.

मी मूळची नाटे गावची. लग्न होऊन रत्नागिरीत आले, डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासे विकले. आज माझा स्वतःचा टेम्पो आहे. हॉटेलांना माल जातो आणि तो घ्यायला लिलावात मीच उभी राहते. सुरमई असो की सरंगा, कल्ला उचलून आतला रंग बघितल्याशिवाय मी मासा घेत नाही. होडी चालवणारा तांडेल नात्यातला असला तरी नाही. माझी शाळा आठवीत सुटली. इंग्रजी मला आकड्यांपुरतं कळतं.

मुलगी मात्र हुशार निघाली. बारावीनंतर परदेशातल्या एका नर्सिंग कॉलेजने तिला जागा देऊ केली. अट एकच होती, इंग्रजीची परीक्षा. लिहिण्याबोलण्याची तिला भीती नव्हती, शाळेत भाषणाला तिचंच नाव पुढे असायचं. अडत होतं ते ऐकण्यात आणि वाचण्यात. दोन्हीत चाळीसपैकी तीस हवे होते, आणि तेही ठरलेल्या तारखेच्या आत. नाहीतर जागा दुसऱ्याला.

क्लास लावला तेव्हा मी फीवरून घासाघीस केली नाही. मी घासाघीस केली मार्कांवरून. सरांना म्हटलं, फी तुम्ही म्हणाल ती देते, पण दर शनिवारी पेपर घ्यायचा आणि दर शनिवारी मार्क मागच्यापेक्षा वर दिसले पाहिजेत. नाही दिसले तर दुसरा क्लास बघेन. सर हसले. "मावशी, हा अभ्यास आहे, पापलेटचा भाव नाही," म्हणाले. मी हसले नाही. मग तेही हसायचे थांबले आणि चालेल म्हणाले. सौदा झाला म्हणून मी खुशीत घरी आले.

मार्क चढत गेले. एकवीस, पंचवीस, अठ्ठावीस, तेहतीस. शनिवारी संध्याकाळी फोनवर कागदाचा फोटो यायचा आणि मी तो बंदरावर बायकांना दाखवायची.

घरचा सराव माझ्या ताब्यात होता. खऱ्या परीक्षेत टेप एकदाच वाजते, पुन्हा मागे नेता येत नाही. म्हणून सरांनी सांगितलेलं, फोन आईच्या हातात हवा. संध्याकाळी लेक जेवणाच्या टेबलाशी पेन्सिल घेऊन बसायची, मी समोर फोन घेऊन. पंखा बंद, टीव्ही बंद. शेजारणीला सांगून ठेवलेलं, तासभर मिक्सर लावू नको गो. ती भिंतीपलीकडून म्हणायची, "परीक्षा तुझ्या पोरीची, आणि उपाशी माझा नवरा."

सरांनी पाठवलेल्या टेपवर एक बाई कुठलातरी हॉल भाड्याने घ्यायला यायची. मग म्युझियम दाखवणारा माणूस, मग दोन मुलं भांडल्यासारखी बोलायची, शेवटी मधमाश्यांवर बोलणारा एक म्हातारा. शब्द मला कळत नव्हते, पण आवाज मी ओळखायला लागले. बाईच्या आधी दार उघडल्याचा आवाज येतो. म्हातारा मधेच खोकतो. ही सगळी मंडळी इतकी सवयीची झाली होती, तरी त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही. इंग्रजी असंच असेल, असं मी धरून चालले.

परीक्षेला एकोणीस दिवस राहिले होते. त्या मंगळवारी टेपवर दार उघडलं, बाई अजून बोललीही नव्हती, आणि लेकीची पेन्सिल कागदावर टेकली.

लिलावात माल पाटीतून खाली ओतायच्या आधी एखाद्याचं बोट वर गेलं, तर मी त्या लिलावातून मागे सरते. त्याचा सौदा आधीच होडीवर झालेला असतो. लेकीची पेन्सिल बघून मला तेच बोट दिसलं.

मी टेप चालू ठेवली. टेबलाखाली धरलेल्या फोनचा आवाज अंगठ्याने कमी करत नेला आणि पूर्ण बंद केला. लेकीची मान खाली होती. खोलीत आवाज नव्हता आणि पेन्सिल चालली होती. सहावं उत्तर, सातवं, आठवं. नवव्यावर ती थांबली आणि तिने वर बघितलं.

माझे कान तापले होते. मग मी विचारलं, किती दिवस?

ती म्हणाली, सुरुवातीपासूनच. क्लासमध्ये ऐकण्याचे तीन पेपर आहेत आणि वाचण्याचे तीन, तेच आलटून पालटून येतात. वाचण्याच्या पेपरात तर ती उतारा वाचतही नव्हती, प्रश्नाचे पहिले दोन शब्द बघून खूण करत होती. पहिल्या महिन्यात तिने सरांकडे नवे पेपर मागितले होते. सरांनी दिला एक. त्यात तिला अठरा पडले. तो कागद सरांनी मला पाठवलाच नाही. "मार्क खाली आले तर तुझी आई क्लास बदलेल," असं तिला म्हणाले.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू ऐकलं असतंस? तुला शनिवारी आकडा हवा होता. तो मी देत होते."

मी हात उगारला होता. तो टेबलावर आपटला. पलीकडून शेजारीण म्हणाली, "लावू का गो आता मिक्सर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीच्या वासाच्या साडीतच मी क्लासवर गेले. सर शांत होते. म्हणाले, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं म्हणजेच सराव. मग म्हणाले, मार्क चढलेच पाहिजेत ही अट तुमची होती. मी त्यांच्या टेबलावरचे कागद जमिनीवर फेकले. ते मी करायला नको होतं, कारण त्यानंतर बाहेर बसलेल्या पालकांना सर शहाणे दिसले आणि मी वेडी.

राहिलेल्या अठरा दिवसांत आम्ही दोघींनी नवे पेपर शोधून सोडवले. पहिल्या दिवशी ऐकण्यात सतरा आले, वाचण्यात चोवीस. लेक रडली नाही, मलाच रडू आलं. तिची अडचण अशी की बोलणारा माणूस आधी सोमवार म्हणायचा आणि पुढच्याच वाक्यात मंगळवार. ती पहिलाच धरून बसायची. हे मात्र मला कळत होतं. मी तिला दुपारी लिलावात उभं केलं. सांगितलं, सगळं ऐकू नकोस, आरडाओरडा जाऊ दे, फक्त आकडा फिरला की धर. माणूस शेवटी काय बोलला तेवढंच खरं. आठवडाभर ती माझ्याशेजारी उभी राहून भाव टिपत होती. ऐकण्यातले मार्क सव्वीसवर आले, एकदा एकोणतीसवर. वाचण्यातले तिशी ओलांडून गेले. आणखी महिना मिळाला असता तर ती पोचली असती, हे मी देवाच्या पायावर हात ठेवून सांगते.

परीक्षा कोल्हापूरला झाली. आंबा घाटात एसटीत ती डोळे मिटून बसली होती आणि ओठ हलत होते. बाहेर आली तेव्हा तिने सांगितलं, शेवटचा आवाज फार भरभर बोलत होता.

निकाल आला. वाचण्यात एकतीस. ऐकण्यात अठ्ठावीस. दोन मार्कांनी जागा गेली. पुन्हा परीक्षा देता येते, पण कॉलेजची तारीख तोवर उलटली होती. आता ती सकाळी माझ्याबरोबर टेम्पोत बसते आणि हिशोबाची वही धरते.

गेल्या आठवड्यात एसटी स्टँडसमोर त्या क्लासचा नवा फ्लेक्स लागला. त्यावर माझ्या मुलीचा फोटो आहे, शाळेच्या युनिफॉर्ममधला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ऐकण्यात चाळीसपैकी अडतीस. ते मार्क क्लासमधल्या शनिवारच्या पेपराचे आहेत, हे कुठेच लिहिलेलं नाही. टेम्पो तिथून वळतो तेव्हा लेक दुसऱ्या बाजूला बघते. काल एक बाई तिला थांबवून म्हणाली, "कधी गो जातेस परदेशात?"

सर, या शनिवारी तुमच्याकडे नव्या पालकांची सभा आहे. मी येणार आहे. कागद फेकणार नाही, आवाजही चढवणार नाही. मार्क चढले पाहिजेत ही अट माझी होती, हे त्या सगळ्यांसमोर मी आधी सांगेन. त्यानंतर तुम्ही उभे राहायचं आणि सांगायचं, हे अडतीस मार्क कुठल्या पेपरात पडले, तो पेपर माझ्या मुलीने त्याआधी किती वेळा सोडवला होता, आणि अठरा मार्कांचा कागद तुम्ही कुठे ठेवलात. उत्तर मिळेपर्यंत मी तिथेच बसणार आहे.