पान्यावरचं साल
संडास धुवायच्या ॲसिडची बाटली उघडली की मला अजूनही बुलढाण्यातल्या त्या भंगारवाल्याचं मागचं आंगण आठवतं. माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. नोकरी लागली त्याच वर्षी त्यांनी नवा कोरा पाना घेतला होता, आणि दांड्यावर पाना बनवणाऱ्या कंपनीने उठवलेलं तेच साल त्यांच्या अंगठ्याखाली घासून गुळगुळीत झालं होतं. ते गेल्यावर पाना गंजून जाम झाला. हा माणूस जुनी हत्यारं साफ करून देतो असं ऐकलं, म्हणून त्याच्याकडे टाकला. परत घ्यायला गेलो तर आंगणातल्या टाकीत ॲसिड आणि गुरांचं मूत कालवून त्यात नवेच पाने गंजायला टाकलेले, वर माश्या घोंगावताहेत, आणि हा त्यातला एकेक काढून ऐरणीवर आकडे उठवायच्या पंचाने जुनी सालं ठोकत बसलेला. शहरातले शौकीन लोक दिवाणखान्यात लावायला नेतात म्हणे. त्याच ओल्या, घाण हाताने त्याने माझा पाना पुढे केला. "तुमचं साल घासून काढलं भाऊ, लय जुनं ठोकून देल्लं. त्याचे पैसे पॉलिशीतच धरून घ्या." "तुले कोनं सांगतलं होतं?" मी म्हणालो. "काऊन, बरं नाही दिसून राह्यलं का?" तो खरोखरच बुचकळ्यात पडला होता. पाना आता बायकोने शोकेसमध्ये ठेवलाय, आणि पाहुणे साल वाचून माना डोलावतात. त्या साली माझे वडील जन्मलेसुद्धा नव्हते.