रात्रपाळीच्या घरातलं गाणं

रेकॉर्डवाल्या वहिनी मोठ्याने बोलत नसत. आपण शेजारी बसलेल्याकडे मीठ मागू, तेवढ्याही मोठ्याने नाही. भिलाईच्या सेक्टर दहामध्ये आमचं क्वार्टर त्यांच्या क्वार्टरला लागून होतं. सामान उतरवून झाल्यावर पाण्याची कळशी मागायला मी त्यांच्या दारात गेले, तर त्यांचे नुसते ओठ हलताना दिसले. वाटलं, बाईंचा घसा बसला असेल. दुसऱ्या दिवशीही बसलेलाच. चारआठ दिवसांनी मी आमच्या ह्यांना विचारलं, "शेजारच्या बाई आपल्यावर रागावल्यात का हो?" हे म्हणाले, "इतक्या लवकर? अजून तू त्यांच्याशी नीट बोललीही नाहीस."

आमच्या ह्यांचं म्हणणं असं, की दुसऱ्याच्या घरातलं कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. मी शाळेत मास्तरीण. चौकशा करणं हे माझं कामच होतं. त्यातून लवकरच कळलं, की ही न बोलणारी बाई म्हणजे 'संत्रं सोलून दे रे राया' म्हणणारी बाई. माझ्या लग्नाआधी वर्ध्यात एकही लग्न, एकही जत्रा त्या गाण्यावाचून पार पडली नव्हती. काय तो आवाज! नदीपलीकडची गुरं वळवावीत असा खणखणीत, आणि 'राया'वर अशी काही मुरकी, की म्हातारेकोतारे मिशीत हसायचे. तो आवाज या बाईच्या गळ्यातून निघाला होता आणि आता ती माझ्याकडे कढीपत्तासुद्धा कानात मंत्र दिल्यासारखा मागत होती. मला झोप येईना.

वहिनींचे यजमान म्हणजे आमचे भाऊजी, पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये. दणकट, हसरा माणूस, आणि बोलणं असं, की ते कुणाची खासगीत विचारपूस करू लागले तर अख्ख्या गल्लीची होऊन जाई. लग्नाची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकावी. "जत्रेत पानठेल्यावर आयकलं गानं. तिथंच ठरवलं, बायको करीन त हेच!" मग मागणी घातली आणि मिळवलीही. कोणी पाहुणा आला की ते दारातूनच ओरडत, "या या, संत्र्यावाली हाय आपल्या घरी!" वहिनी आतून चहा आणत, आणि माझ्या लक्षात आलं होतं, की 'संत्र्यावाली' म्हटलं की त्या कपबशीकडे बघत. भाऊजींना चहा कसा झालाय विचारलं की म्हणत, "झकास!" भाजी झकास, हवा झकास, मिल झकास.

एकदा तांदूळ निवडता निवडता मी विचारलंच, गाणं का सोडलं म्हणून. वहिनी म्हणाल्या, "म्या नाही सोडलं. संत्रं खपलं, त कंपनीवाले म्हने आता सीताफळावर म्हना. मंग बोरावर. दर सालाले एक फळ. म्या म्हटलं, बाप्पा, फळं सरली, मीबी सरली." एवढं बोलून त्या पदराआड हसल्या. त्यांचं हसणंही बिनआवाजी. नुसते खांदे हलत.

हळू बोलण्याचं कोडं मात्र सुटलं, आणि ते सोपं निघालं. भिलाईत तेव्हा घड्याळापेक्षा पाळी मोठी. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपणार, आणि तो झोपला की त्याच्या घराच्या कडीला गमछा बांधलेला असे. गमछा दिसला की दूधवाला सायकलची घंटी वाजवत नसे, भाजीवाली टोपली घेऊन पुढच्या दारी जाऊन ओरडे, पोरं गोट्या उचलून दुसऱ्या मैदानावर जात. अर्धवट झोपेचा माणूस तापलेल्या लोखंडाजवळ उभा राहिला तर काय होईल, ही भीती प्रत्येक बायकोच्या पोटात होती. पण बाकीच्या बायका पाळी बदलली की मोकळ्या बोलत. वहिनींच्या अंगात मात्र तो गमछा मुरला होता. भाऊजी दिवसपाळीला असले तरी त्या भांडी अशी ठेवत, की जणू ती मातीची आहेत.

आणि त्या गुणगुणत. तोंड मिटून, नाकातल्या नाकात, भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. तो 'संत्र्या'चा आवाज नव्हता. खाली, जमिनीलगत काहीतरी चालल्यासारखा होता. एखादा सूर लांबवायचा आणि मध्येच सोडून द्यायचा, जसं आपण बोलताना वाक्य अर्धं सोडतो. मी अंगणात ओला टॉवेल हातात धरून उभी राहायची आणि टॉवेल तसाच वाळायचा.

हे गुणगुणणं ऐकणारी मी एकटी नव्हते. मागच्या ओळीत गजभिये मास्तर राहत. कारखान्याच्या यार्डात इंजिन चालवत, पण सगळे मास्तर म्हणत ते ट्रम्पेटमुळे. वडील नागपुरात लग्नाच्या बँडमध्ये वाजवत. मास्तर स्वतः जयंतीच्या मिरवणुकीत वाजवत मोठे झाले आणि पुढे रेल्वेच्या क्लबात एका गोवेकर वादकाकडून जॅझ शिकले. कारखाना उभारायला आलेल्या रशियन साहेबांच्या नाचाला त्यांनाच बोलावणं असे. त्यांनाही रात्रपाळीच्या शेजाऱ्यांचा धाक, म्हणून ट्रम्पेटच्या तोंडाशी ॲल्युमिनियमची वाटी धरून वाजवत. त्या वाटीतून सूर असा यायचा, की कोणी उशीत तोंड खुपसून काहीतरी सांगतंय.

एका दुपारी मागच्या कुंपणापलीकडून वहिनींच्या अर्ध्या सोडलेल्या सुराला त्या वाटीने उत्तर दिलं. वहिनी दचकल्या, थांबल्या आणि मग पुढचा सूर मुद्दाम तसाच अर्धा सोडला. पुन्हा उत्तर आलं. दुसऱ्या दिवसापासून मास्तर ट्रम्पेट घेऊन अंगणात येऊ लागले. भाऊजी आत झोपलेले, बाहेर हे दोघं, आणि सोबतीला मी, स्वतःहून नेमलेली. गल्लीत कुजबुज झालीच. मास्तर कुठल्या वस्तीतले, त्यांना घरातल्या कपात चहा का, हेही बोलून झालं. पण कुजबुजीला वहिनी कशा घाबरणार? त्यांचं सगळं आयुष्यच कुजबुजीत चाललं होतं. मास्तरांना त्या घरातलाच कप देत राहिल्या.

मी मास्तरांना विचारलं, हे जॅझ म्हणजे नेमकं काय? ते म्हणाले, "चाल आपल्याले ठाऊक रायते न, बाई. त्या चालीतून बाहीर निघाचं, इकडेतिकडे मनमानी हिंडाचं, अन् जेवाच्या वेळेले बरोबर घरी याचं." मी म्हटलं, मग जोरात का नाही? "जोरानं त माह्यं इंजनबी वरडते," मास्तर म्हणाले.

गाणी वहिनींनी स्वतःच जुळवली. त्यात राया नव्हता, संत्रंही नव्हतं. एकातल्या ओळी मला अजून येतात:

दार लोटून ठेवलंय, कडी नाही लावली,
घरात साऱ्यांना मी, मलाच नाही गावली.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातली सुई थांबली. मी लग्न होऊन दोन खोल्यांच्या त्या घरात आले होते, आणि मला कधी सांगता न आलेलं कोणीतरी शेजारी बसून सांगत होतं. एका रशियन साहेबाकडे टेपरेकॉर्डर होता. मास्तरांनी तो मागून आणला, गाणी टेपवर घेतली आणि मुंबईला कंपनीकडे पाठवून दिली. संत्र्याची पुण्याई अजून शिल्लक असावी, बोलावणं आलं. चार गाण्यांची एक छोटी रेकॉर्ड काढू म्हणाले.

वहिनी भावाला सोबत घेऊन गेल्या, मास्तर रजा टाकून गेले. तिथली हकिगत मास्तरांनी सांगितली. ढोलकी नव्हती. एक पियानो, एक माणसाएवढं मोठं तंतुवाद्य, आणि ड्रमवर काठीऐवजी तारेचा कुंचला. वहिनी गायला लागल्या तर काचेमागचा साहेब बाहेर आला. "बाई, जरा मोकळ्या गळ्याने. पूर्वीसारखं." पुन्हा सुरू, पुन्हा साहेब बाहेर. तिसऱ्या वेळी तो चिडला. वहिनी म्हणाल्या, "साहेब, माह्या घरी मानूस झोपला हाय." साहेबाने आजूबाजूला पाहिलं. पियानोवाल्यानेही पाहिलं. मग तो पियानोवाला म्हणाला, माइक त्यांच्या तोंडाजवळ न्या, आणि आपण सगळेच हळू वाजवू. तशी ती रेकॉर्ड झाली.

परत आल्यावर वहिनी माझ्याशी जे बोलल्या, ते एरवी त्या बोलल्या नसत्या. "मास्तरीणबाई, लोकाइचं मले काही नाही. ह्यायनं लगन संत्र्यावालीशी केलं. तिले ते सारखे बलावते, पन ते त कवाचीच गेली. आता घरात जे हाय, ते कोन हाय, हे त्याइले कळलं पाहिजे. आयकून एकदा काही पुसलं पाहिजे." एवढीच त्यांची इच्छा होती. पैसा, नाव काही नाही. नवऱ्याने ऐकावं.

रेकॉर्ड आली. भाऊजींनी मित्राचा रेकॉर्डप्लेअर आणला, समोर मांडी घालून बसले, चारही गाणी मान हलवत ऐकली आणि म्हणाले, "झकास!" वहिनी वाट पाहत उभ्या राहिल्या. भाऊजी म्हणाले, "जेवाले काय हाय?" वहिनी आत गेल्या, आणि त्या दिवसापासून त्यांचं गुणगुणणं बंद झालं. त्यांच्या अंगणातली ती शांतता मला सहन होईना.

भाऊजींना मात्र बायकोचा अभिमान मावत नव्हता. गणपतीत त्यांनी रेकॉर्ड थेट मंडपात नेली. गल्लीत ज्या गाण्यासाठी पानसुद्धा हलू दिलं नव्हतं, ते गाणं भोंग्यावर लागलं. समोर पोरांचा गोंधळ, बाजूला चिवड्याची दुकानं, वर भोंग्याची घरघर. त्यात वहिनींचा आवाज शोधावा लागत होता. लोक हसू लागले. "बाईले ताप आला का?" "संत्रं लावा, संत्रं!" भाऊजी पहिल्या रांगेत मांडीवर ताल धरून बसले होते. गाणं संपलं. सुई शेवटच्या रेषेत खरखरत फिरत राहिली. भोंगेवाला जागेवर नव्हता. आणि त्या नुसत्या खरखरीवर भाऊजी मान हलवत, ताल देत बसले होते. मागे वळून लोकांना म्हणाले, "वा! आयका, आयका!"

मी वहिनींकडे पाहिलं. त्या भाऊजींकडे पाहत होत्या. हसणाऱ्या लोकांकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

नवरा आपलं ऐकत नाही, याचं कोणत्या बायकोला नवल वाटतं? म्हणून भाऊजींना ऐकूच येत नाही, हे इतकी वर्षं वहिनींच्याही ध्यानात आलं नव्हतं. भाऊजींच्या वडिलांचे कान असेच चाळिशीच्या आत गेले होते, आणि आता यांचे जात होते. मिलमधून काढून कुठेतरी बसवतील या भीतीने त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. ओठ बघून ओळखायचे, नाही ओळखता आलं की झकास म्हणायचे.

ती रेकॉर्ड पुढे चालली नाही. कंपनीने पुन्हा बोलावलं नाही. मास्तर म्हणत, आपल्या लोकांचे कान अजून गाडीत बसले नाहीत, येतील मागच्या गाडीने. भाऊजींनी आपणहून डॉक्टरला कान दाखवले. त्यांना स्टोअरमध्ये काम मिळालं, आणि काही वर्षांनी दोघं गावी निघून गेली. वहिनी आता नाहीत. त्यांची आठवण झाली की मी माणसांशी हळू बोलते. हळू बोललं की समोरचा पुढे वाकतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं. पण मला सांगायचंय ते त्या मंडपातून परतल्यानंतरचं.

संध्याकाळ होती. मी आणि गजभिये मास्तर त्या दोघांच्या मागोमाग घरात गेलो. वहिनींनी भाऊजींसमोर उभं राहून ओठ हलवून विचारलं, "कवापासून?" भाऊजींनी खाली मान घातली. सगळं सांगितलं, नेहमीच्याच मोठ्या आवाजात. गल्लीने ऐकलं असेल. शेवटी म्हणाले, "तू दुपारी ओठ हलवस, मले आवाज नाही ये. मले वाटे, तू रुसली हायस माह्यावर. पुसाले भेव वाटे."

वहिनी खाटेवर बसल्या. हसल्या की रडल्या, मला अजूनही ठरवता येत नाही; खांदे हलत होते.

"गा न," भाऊजी म्हणाले. "आता जोरात गा."

वहिनींनी तोंड उघडलं. तो नदीपलीकडे जाणारा आवाज काढून पाहिला. नाही निघाला. त्या घाबरून मास्तरांकडे बघू लागल्या. मास्तर म्हणाले, "बाई, जोरात कायले? जवळ बसा."

मग आम्हा दोघांसमोर, ज्या काळात नवराबायको चारचौघांत एका खाटेवरही बसत नसत त्या काळात, वहिनींनी भाऊजींच्या कानाला ओठ लावले आणि म्हणायला लागल्या. मी हाताच्या अंतरावर होते आणि मला एक अक्षर ऐकू आलं नाही. भाऊजींनी डोळे मिटले होते. मान हलत नव्हती, ताल नव्हता. बराच वेळ गेल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं.

"हे तू मले कधी सांगितलं नाही."

"सांगूनच राहिली होती न," वहिनी म्हणाल्या, आणि पुन्हा त्यांच्या कानाशी वाकल्या.