अर्ध्या तासाने बघणारे मामा

जगातली प्रत्येक वस्तू घसरण्याच्या तयारीत बसली आहे आणि तिला थोपवायची जबाबदारी आपल्या एकट्यावर आहे, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे माझे धाकटे मामा. कळवणजवळच्या शेतकरी घरातला हा माणूस. विशीपर्यंत त्यांनी धरणापलीकडचं पाणी पाहिलं नव्हतं. पण कोणाच्या तरी ओळखीने अंदमानात गेले आणि बेटाबेटांमधून ट्रक वाहणाऱ्या फेरीबोटीवर निवृत्त होईपर्यंत राहिले. त्यांचं काम एकच होतं. डेकवर चढलेला ट्रक साखळ्यांनी असा बांधायचा, की समुद्राने कितीही हलवलं तरी तो हलता कामा नये.

आता ते नाशकात आमच्याकडे राहतात. नाशकात समुद्र नाही, ही गोष्ट त्यांनी मनावर घेतलेली नाही. माझ्या स्वयंपाकघरातला गॅसचा सिलेंडर ओट्याच्या पायाला बांधलेला आहे. कूलर खिडकीच्या गजाला आणि फ्रिज भिंतीतल्या हुकाला. सपाट जमिनीवर लावलेल्या माझ्या स्कूटरच्या चाकाखाली लाकडाचा ठोकळा असतो. एके वर्षी कॉलनीचा गणपती टेम्पोतून आणायचा होता आणि मामांनी तो बांधला. मंडपापाशी आल्यावर सोडवायला इतका वेळ लागला की मुहूर्त टळला. गुरुजी चिडले. मामांनी मूर्तीभोवती एक फेरी मारली आणि शांतपणे विचारलं, "टवका उडालाय का कुठं? नाय ना? मग?"

बोटीवर गाडी उभी राहिली की आत माणूस ठेवायचा नाही, असा नियम होता म्हणे. त्यामुळे गाडी थांबली की मामा उतरतात. द्वारका चौकातल्या कोंडीत ते असेच उतरले, सिग्नल सुटला आणि आम्ही पुढे निघून गेलो. परत फिरून आलो तर ते दुभाजकाजवळ उभे राहून एका ट्रकची ताडपत्री न्याहाळत होते. आमच्या जाण्यायेण्याची त्यांनी फारशी दखल घेतली नव्हती. त्यांच्या सगळ्या गोष्टींत मला आवडते ती कांद्याची. एकदा बेटावर निघालेल्या ट्रकमधल्या गोणीवर त्यांनी लासलगाव हे नाव वाचलं. एरवी ट्रकला चार साखळ्या लागतात. त्या ट्रकला मामांनी आठ लावल्या. "माहेरचं माणूस होतं ते," ते सांगतात.

पण त्यांचा खरा धर्म म्हणजे अर्ध्या तासाचा नियम. ट्रक स्प्रिंगवर डुलतो, माल खाली बसतो आणि घट्ट आवळलेलं सैल पडतं. म्हणून बोट निघाल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा जाऊन बघायचं. एकदा ते जेवत बसले आणि बघायला गेले नाहीत, तर एक ट्रक वीतभर सरकला. कुणाला खरचटलंही नाही. तरी ती वीत मामा आजही हाताने दाखवतात, आणि दाखवताना मान खाली घालतात.

नाशकातल्याच अंबडला आमचं ट्रान्सपोर्टचं यार्ड आहे. गिऱ्हाइकं नवरा बघतो, यार्ड मी बघते. मामा रोज येऊन माल बांधत आणि गाडी निघाली की बरोबर अर्ध्या तासाने ड्रायव्हरला फोन करत. गाडी तोवर मुंबईच्या रस्त्यावर वाडीवऱ्ह्याला पोचलेली असे. "उतर. पट्टे बघ. किती बोटं सैल?" पट्ट्याखाली जेवढी बोटं शिरतील तेवढा तो सैल, हे त्यांचं माप.

मागच्या हिवाळ्यात ड्रायव्हर लोक मला बाजूला घेऊन सांगू लागले. "ताई, मामांच्या बोटांत जोर नाय राहिला. लय सैल निघतंय." मी पाहिलं, तर खरंच. मामांनी आवळलेल्या पट्ट्याखाली माझी चार बोटं सहज जात होती. यार्डात भावनेवर माल जात नाही. एके दिवशी मामांनी बांधलेली द्राक्षाच्या वाइनची भलीमोठी स्टीलची टाकी मुंबईला रवाना झाली आणि मी मामांना सांगून टाकलं, "मामा, उद्यापासून येऊ नका. हात दुखतात तुमचे, घरी आराम करा."

"बरं," एवढंच म्हणून ते उठले. जाताना माझ्या स्कूटरखालचा ठोकळा पायाने नीट सरकवला आणि गेले.

तासाभराने संपत ड्रायव्हरचा फोन आला. "ताई, वाडीवऱ्ह्याला उभा हाय. मामांचा फोन नाय आला."

"मग तूच बघ पट्टे आणि निघ!"

"बघितले. आवळले बी. पण मामांनी इचारलं नाय तर घाट कसा उतरू? टाकी केवढी हाय! मन धजत नाय, ताई."

मी खूप बोलले त्याला. पण तो हलला नाही. मामाही फोन उचलत नव्हते. शेवटी स्कूटर काढली आणि घरी गेले. मामा बाल्कनीत बसून, आधीच बांधलेली तुळशीची कुंडी पुन्हा बांधत होते. मी संपतला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला.

"किती बोटं सैल होतं?" त्यांनी विचारलं.

"तीन, मामा."

"आवळलं? हलवून बघितलं? जा मग. कसाऱ्याला सावकाश."

फोन परत देताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "नंदे, माझी बांधणी सैल पडते हे मला ठाऊक नाय होय? तुझ्या आधीपासून ठाऊक हाय. पण बोटं चांगली होती तेव्हा बी सैल पडायचीच. कुणाची पडत नाय? नंतर बघणारं कुणीतरी लागतं."

मी चुकले होते. चूक कळल्यावर ती दुरुस्त करायला मी वेळ लावत नाही. दुसऱ्या दिवशी यार्डात सावलीला त्यांची खुर्ची टाकली. आता पट्टे तरुण हात आवळतात आणि मामा फक्त फोन करतात. तेवढ्यासाठी संपत वाडीवऱ्ह्याला चहा घेत थांबतो.

संध्याकाळी पाचला मामा रिक्षाने घरी जातात. हल्ली चढताना त्यांना हात द्यावा लागतो. बरोबर अर्ध्या तासाने मी फोन लावते.

"कुठली गाडी?" ते विचारतात.

"तुमची. किती सैल?"

"बोटभर," ते म्हणतात. "कालच्यापेक्षा इवलंसं जास्त."

"चालेल तेवढं," मी म्हणते. पण फोन लगेच ठेवत नाही.