बंदूक खोलणारी मंडळी

घरात पिशवीत पिशव्या कोंबलेल्या असतात ना, तसे आमचे किस्से साठलेत. एक काढायला जावं तर चार बाहेर येतात. आणि मला मुळात एका जागी बसवत नाही, त्यामुळे क्रमाने सांगेन अशी अपेक्षा ठेवू नका!

मंडळी मोजून तीन. नौपाड्याचे परडकर काका, कारखान्याच्या टूलरूममध्ये जन्म घालवलेले रिटायर्ड फिटर. मानपाड्याचा दशरथदादा, ज्याला वारशात जमिनीबरोबर आजोबांची एअर रायफलही मिळाली. आणि मी मीनल, एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते, म्हणजे बसायचा प्रयत्न करते. दर रविवारी सकाळी काकांच्या तळमजल्यावरच्या खोलीत आम्ही छऱ्याच्या जुन्या बंदुका खोलतो, पुसतो, तेल देतो आणि पुन्हा जोडतो. आत एक लांब स्प्रिंग, तिच्यापुढे पिस्टन. घोडा दाबला की स्प्रिंग पिस्टनला ढकलते, पिस्टन हवेला आणि हवा छऱ्याला. बस, एवढंच. पण माणसाला वेड लावायला पुरेसं आहे!

नेमबाजीच्या स्पर्धेत उतरते ती मात्र मी एकटीच. जिल्ह्यातून पहिल्या तिघी राज्य स्पर्धेला जातात. मी दोनदा चौथी आलेय! दोष बंदुकीचा नाही, माझ्या हातांचा. स्पर्धा जवळ आली की हात शिवशिवतात, चांगली चाललेली बंदूक मी खोलते आणि तिची वाट लावते.

*

दशरथदादा आमच्यात आला तो एका पराक्रमानंतर. स्प्रिंग आत दाबून बसवलेली असते, म्हणून मागचं बूच काढताना बंदूक क्लॅम्पमध्ये धरावी लागते. दादाने ती मांडीवर घेऊन खोलली. बूच भिंतीवर, स्प्रिंग खिडकीतून बाहेर!

"मना वाटला डोलाच गेला!" दादा अजूनही डोळ्यावर हात ठेवून सांगतो.

दहा मिनिटांनी बेल वाजली. शेजारच्या काकू हातात स्प्रिंग घेऊन उभ्या होत्या.

"दशरथ," त्यांनी काळजीने विचारलं, "तुमचा सोफा फुटला का रे?"

*

मोहने गावाकडचा एक माणूस जत्रांमध्ये फुगे फोडायचा स्टॉल लावतो. तो एकदा चार बंदुका घेऊन आला. "काका, जाम झाल्यात. जरा सर्व्हिसिंग करा."

काकांनी गंज काढला, स्प्रिंगांना ग्रीस लावलं. मग त्यांचं लक्ष नेम धरायच्या माशीकडे गेलं. चारही बंदुकांची माशी वाकडी! काकांमधला फिटर कळवळला. न विचारता त्यांनी चारही सरळ केल्या.

जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी माणूस धापा टाकत हजर. "काका, काय केलंत हे! शाळेतल्या पोरीपण दहापैकी दहा फोडतायत! पहिल्यासारख्या वाकड्या करून द्या!"

काकांनी चष्मा पुसला. "चाळीस वर्षं सरळ करायचं शिकलो. वाकडं करायला दुसरा बघ."

*

आता माझी पाळी. पिस्टनला तेल द्यायचं ते थेंबाच्या हिशोबात. पण थेंब पडायची वाट बघणं माझ्या स्वभावात नाही, मी बाटलीच उपडी केली. काकांच्या खोलीतल्या लोखंडी पेटीवर टेस्टिंगची गोळी झाडली आणि जादा तेल आतल्या आत पेटलं. सुतळी बॉम्बसारखा आवाज, नळीतून निळा धूर!

वरच्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून ओरडल्या, "परडकर, कुकरची शिट्टी उडाली का?"

"शिट्टी नाही, मीनल उडाली!" काकांनी उत्तर दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, तेल लावायचं असतं. अभ्यंगस्नान नाही घालायचं!"

*

पिस्टनच्या तोंडाशी चामड्याचा वॉशर असतो. तो सुकला की एरंडेलात भिजत घालायचा, ही काकांची पद्धत. मी एक वॉशर छोट्या वाटीत भिजवून ओट्यावर ठेवला आणि आंघोळीला गेले. बाहेर येऊन बघते तर सुधीर, माझा नवरा, थालीपीठ खात बसलेला. शेजारी तीच वाटी, रिकामी. तो मन लावून चावत होता.

मी किंचाळणार तेवढ्यात तोच म्हणाला, "लोणचं छान आहे गं. फोड मात्र अजून मुरली नाही."

*

यंदा स्पर्धेच्या आधीच्या सोमवारी काकांनी माझी बंदूक काढूनच घेतली. "चालत्या बंदुकीला हात लावायचा नाही. आता रविवारी रेंजवर मिळेल."

तो आठवडा मी कसा काढला माझं मला ठाऊक! मंगळवारी शिलाई मशीन खोललं. बुधवारी मिक्सर. गुरुवारी दवाखान्यातलं स्टेपलर खोलून बसले, तर डॉक्टरांनी हात जोडले. शुक्रवारी बेसिनचा नळ खोलला आणि घरभर पाणी झालं.

सुधीर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून फोनवर विनवत होता, "काका, तिची बंदूक द्या हो परत! राज्य स्पर्धा राहू दे, निदान घर तरी राहील!"

काकांनी बंदूक दिली नाही.

*

रविवारी ठाण्याच्या रेंजवर काकांनी बंदूक माझ्या हातात ठेवली आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. मला खूप भीती वाटत होती. यंदा चौथी आले असते तर पुढच्या वर्षी पुन्हा यायची उमेद नव्हती.

पहिली गोळी झाडली आणि मी दचकलेच. धक्का नाही, खडखड नाही, लोण्यात सुरी जावी तशी! दुसरी तशीच, दहावी तशीच. माझ्यासारखी चुळबुळी बाई त्या दिवशी शेवटच्या गोळीपर्यंत दगडासारखी उभी राहिली.

निकाल लागला. दुसरी! दशरथदादाने शिट्टी मारली, सुधीरने डोळे पुसले. मी धावत जाऊन काकांच्या पाया पडले. "काका, तुमचं ऐकलं म्हणून झालं. आठवडाभर बंदुकीला कोणी हात लावला नाही, म्हणूनच!"

काकांनी शर्टाच्या खिशातून कागदाची एक पुडी काढली आणि माझ्या तळहातावर उलटी केली. एक स्क्रू आणि एक पोलादी चकती.

"बुधवारी राहवलं नाही गं," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "जोडून झाल्यावर हे उरलं."